कॅम्प लॉग ७: गुरुवारी रात्री ठरलं, शुक्रवारी दुपारी निघालो

मंडळी, मागचा लॉग टाकून तीन महिने झाले, मधे काहीच केलं नाही कारण आईबाबा आलेत भारतातून आणि म्हटलं त्यांना घेऊन तंबूत कुठे जायचं. पण इथे अ‍ॅरिझोनात फिनिक्सचा जून म्हणजे तुम्हाला माहितीये, गुरुवारी ४३ डिग्री, बाबा सकाळी सहाला फिरायला जाऊन घामाघूम होऊन परत आणि मग दिवसभर घरात कोंडलेले, संध्याकाळी एकदम म्हणाले "अरे तुझं ते जंगल थंड असतं ना?" झालं, तेवढंच पाहिजे होतं मला.

आता आदल्या रात्री बुकिंग वगैरे विसरा. चांगल्या कॅम्पग्राउंडची बुकिंग सहा-सहा महिने आधी उघडतात आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार लगेच जातात. म्हणून आपलं नेहमीचं, फ्लॅगस्टाफजवळच्या कोकोनिनो नॅशनल फॉरेस्टच्या (सरकारी जंगलाच्या) कच्च्या रस्त्यांवर फुकटात कॅम्पिंग. पाणी नाही, संडास नाही, टेबल नाही, १४ दिवसांच्या वर राहायचं नाही, बाकी कोणी विचारत नाही. बायको म्हणाली "आईंना संडास नाही हे आधी सांग", ते मी सांगितलं नाही, ती चूक पुढे येईल.

गुरुवारी रात्री अकरा ते एक मी फक्त नकाशा बघत होतो. नवीन लोकांसाठी परत सांगतो, फॉरेस्टचा एमव्हीयूएम नकाशा, म्हणजे कुठल्या रस्त्यांवर गाडी नेता येते ते दाखवणारा, फुकट मिळतो, तो अ‍ॅव्हेंझा या फोनच्या नकाशा-अ‍ॅपमधे उतरवून ठेवा कारण हायवे सोडला की सिग्नल गेलाच समजा. जो रस्ता त्या नकाशावर नाही तो डोळ्यासमोर दिसत असला, टायरच्या खुणा असल्या तरी गाडीसाठी बंद. आणि ज्या रस्त्याच्या कडेने बारीक ठिपके छापलेत तिथेच रस्ता सोडून ३०० फुटांपर्यंत आत गाडी नेऊन कॅम्प करता येतो, ठिपके नसतील तर रस्त्याला चिकटूनच थांबायचं. हे ठिपके फोनवर झूम केल्याशिवाय दिसत नाहीत, मी पहिल्या वर्षी ते प्रिंटिंगचा डाग समजायचो.

तीन जागा काढल्या. अ म्हणजे हार्ट प्रेअरीचा १५१ नंबर रस्ता, ब म्हणजे त्याच्यापुढे सॅन फ्रान्सिस्को पीक्स या डोंगरांच्या उत्तरेला वळसा घालणारा ४१८, आणि क म्हणजे गपचूप फ्लॅगस्टाफमधे मोटेल. नियम एकच केला, साडेपाचपर्यंत जागा मिळाली नाही तर क. अंधारात आईबाबा आणि दोन पोरं घेऊन फाटे शोधत फिरायचं नाही, लॉग ३ वाचलाय ना तुम्ही, मग बास.

आगीचे नियम निघायच्या आधी बघितले, आगीवरच्या बंदीची पहिली पायरी, स्टेज १, चालू होती. म्हणजे आपल्यासारख्यांना जंगलात शेकोटी नाही, कोळशाची शेगडीपण नाही, चालू-बंद करायची खटकी असलेला गॅस चालतो. पोरांचं तोंड उतरलं पण जूनमधे त्या पाँडेरोसा पाइनखाली इतका वाळलेला पाचोळा असतो की मला स्वतःलाच नको वाटतं.

सामानात ५ गॅलनचे दोन कॅन पाणी घेतलं, म्हणजे साधारण ३८ लिटर, माणसं सहा, दोन रात्री, माणशी रोज तीन लिटरच्या थोडं वर पडतं, काटकसरीनेच वापरायचं. आईने भाजणी घेतली, मेतकूट घेतलं, दोन गोधड्या घेतल्या आणि कुकर घेतला. मी म्हटलं "अगं आई, कुकर कशाला, वजन किती होतंय", तर म्हणे "तू तुझं बघ, मी माझं बघते."

शुक्रवारी दीडला निघालो. आय-१७ ने फ्लॅगस्टाफ साधारण १४५ मैल, पण चढ बघा, अकराशे फुटांवरून सातेक हजारावर जातो आपण, बाबा दर दहा मिनिटांनी गाडीतलं टेंपरेचर मोठ्याने वाचत होते, शाळेत हजेरी घेतात तसं. हायवे १८० वरून १५१ ला वळल्यावर टायरची हवा ३५ वरून २६ वर आणली, त्या पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्यावर त्याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आईची पाठ वाचली.

अ जागा गेली होती. तिथे तीन ट्रेलर आणि एक जनरेटर, पुढे गेलो. इथे एक युक्ती, फॉरेस्टच्या पाट्यांवर नंबर आडवा लिहिलेला असेल तर साध्या गाडीचा रस्ता, उभा लिहिलेला असेल तर खालून उंच गाडी लागणार असं धरायचं. ४१८ वरून एक उभ्या नंबरचा फाटा लागला, बायकोने उतरून पुढे चालत जाऊन बघितलं (हे नेहमी करा, आत जाऊन रिव्हर्स मारण्यापेक्षा बरं) आणि पाच वाजता जागा मिळाली. खरं तर त्याआधी अजून एक झकास जागा दिसली होती, सपाट, सावली, पण समोरच गुरांसाठी केलेलं तळं होतं. अ‍ॅरिझोनात अशा पाणवठ्याच्या पाव मैलाच्या आत कॅम्प करून जनावरांची वाट अडवायची नाही असा कायदाच आहे. बाबांना भारी गंमत वाटली, म्हणे अमेरिकेत पण रानात गुरं चरायला सोडतात, आणि मग अर्धा तास त्यांच्या गावच्या गायरानाच्या गोष्टी.

तंबूचं सांगायचं तर खुंट्या धरेनात. हा सगळा भाग जुन्या ज्वालामुखींचा आहे, सहाशेच्या आसपास आहेत म्हणे या पट्ट्यात, आणि वरची माती म्हणजे काळी भुसभुशीत खडी, खुंटी ठोकली की आत जाते आणि बोटाने उपटून निघते. वारा सुटलेला. मग खुंट्या आडव्या टाकून त्यावर डोक्याएवढे दगड ठेवले, दोऱ्या आडव्या खुंटीला बांधल्या, तेव्हा कुठे तंबू उभा राहिला. पुढच्या वेळी रुंद प्लास्टिकच्या वाळूच्या खुंट्या, लिस्टमधे टाकलं.

आता कुकर. आम्ही होतो साधारण साडेआठ हजार फुटांवर, तिथे पाणी ९१-९२ डिग्रीलाच उकळतं. मी माझ्या हलक्या टायटॅनियम पातेल्यात डाळ लावली होती, पाऊण तास उकळून दाणे तसेच टक्क. आई काही बोलली नाही. कुकरमधे ओतली, झाकण लावलं, चार शिट्ट्या. त्या शिट्टीने बाजूच्या झाडावरचा एक निळा जे पक्षी असा काही ओरडत उडाला की पोरं लोळून हसली. वरण-भात, मेतकूट, तूप. रात्री ४ डिग्री, माझी महागडी स्लीपिंग बॅग लेकीला दिली आणि मी गोधडीत, आणि खरं सांगतो गोधडीच उबदार होती.

संडासाचं रात्री कळलं आईला. फावडं हातात दिलं, सहा ते आठ इंच खोल खड्डा, पाण्यापासून दोनशे फूट लांब वगैरे समजावलं, तर ती शांतपणे म्हणाली "मी लहानपणी काय करत होते असं वाटतं तुला?" विषय संपला. तरी बायकोने पडद्याचा छोटा तंबू ऑर्डर केलाय.

बाकी शनिवार सगळा लोळण्यात गेला, लिहिण्यासारखं काही नाही. पहाटे एल्क (मोठी हरणं) दिसले, सहा होते, बाबा कानटोपी घालून एकटेच खुर्चीत बसून बघत होते, आम्हाला उठवलंच नाही. रविवारी निघताना दुसऱ्यांचा कचरापण उचलला, हवा परत ३५ केली, साडेचारला घरी, ४४ डिग्री.

कुकर आता कायमचा कॅम्पच्या पेटीत गेलाय. आईने घरासाठी दुसरा मागितलाय.