फ्लॅट विकायचाय? खिडक्या बदलायच्या आधी सरकवून बघा

पंधरा-वीस वर्षं जुना फ्लॅट विकायला काढला की एक सल्ला हमखास मिळतो: सगळ्या खिडक्या यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) करून टाका. आमचं मत उलट आहे. जुनी चौकट उपसताना कडेचा गिलावा सुटतो, खालची ग्रॅनाइटची पट्टी तडकते, मग पुट्टी आणि शेवटी अख्ख्या खोलीचा रंग. घेणारा भाव करतो तो स्क्वेअर फुटावर, खिडक्यांचे वेगळे पैसे कोणी देत नाही. गंजून सुजलेल्या, न लागणाऱ्या जुन्या लोखंडी झेड सेक्शनच्या (Z आकाराच्या पट्ट्यांच्या) खिडक्या असतील तर त्या जरूर बदला. ॲल्युमिनियमच्या सरकत्या असतील तर बहुतेक वेळा दुरुस्तीने भागतं.

घर बघायला आलेली माणसं काच सरकवतात, बाहेर डोकावतात आणि बरोबर कोणी जाणतं असेल तर ते खिडकीखालच्या भिंतीवर हात फिरवतं. कामाला या शेवटच्या जागेपासून सुरुवात करायची.

खिडकीखाली रंगाला फोड आलेत किंवा पांढरी भुकटी सुटतेय, म्हणजे पाणी आत येतंय. सगळ्यात सोपं कारण आधी तपासा. सरकत्या खिडकीच्या खालच्या चौकटीला बाहेरच्या अंगाने पाणी निघून जायला भोकं असतात. ती धुळीने, मेलेल्या किड्यांनी किंवा रंगाच्या थेंबांनी बुजतात. कधी फटी भरायला सिलिकॉन मारणाऱ्यानेच बुजवलेली असतात. ट्रॅकमध्ये अर्धा तांब्या पाणी ओता. ते बाहेर ठिबकायला हवं. आतच साचलं तर जुन्या टूथब्रशने ट्रॅक घासा, भोकांत तार फिरवा, पुन्हा ओतून बघा. पावसाळ्यात ट्रॅक भरून पाणी घरात येतं ते बऱ्याचदा एवढ्यामुळेच.

तरीही ओल राहिली तर बाहेरून पाइपने पाणी मारून बघायचं, पण खालून वर. आधी फक्त खिडकीखालची भिंत, दहा-पंधरा मिनिटं. मग खालची पट्टी, मग बाजूच्या फटी, सर्वांत शेवटी छज्जा. एक माणूस आत बघत उभा हवा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नक्की कुठून शिरलं ते कळत नाही. चौकट आणि भिंत यांमधली फट हा नेहमीचा गुन्हेगार. बाहेरच्या पट्टीचा उतार आतल्या बाजूला असणं, ग्रिलचे बोल्ट जिथे भिंतीत गेलेत तिथे चीर पडणं, हीही कारणं असतात.

फट भरताना जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण काढा. त्यावरच नवं मारलं तर ते वर्षभरही धरत नाही. जागा कोरडी करून न्यूट्रल क्युअर (आंबट वास न येणारं) सिलिकॉन वापरा. मारल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते स्वस्त सिलिकॉन काचेला ठीक, सिमेंटला नीट चिकटत नाही.

पुट्टीची घाई करू नका. ओल्या भिंतीवर लावलेली पुट्टी थोड्याच दिवसांत पापड होऊन सुटते, आणि ती नेमकी दुसऱ्यांदा बघायला आलेल्याच्या हातात येते. पाऊस संपून भिंत पूर्ण वाळू द्या. गळती इमारतीच्या बाहेरच्या भिंतीतून असेल तर सोसायटीला लेखी कळवा आणि घेणाऱ्यालाही स्पष्ट सांगा. लपवलेली ओल पहिल्या पावसात बोलतेच.

आता सरकवणं. काच ढकलायला दोन हात लागत असतील तर खालचं चाक, म्हणजे बेअरिंग, गेलंय. शटर, म्हणजे काचेचा सरकता पल्ला, उचलून वरच्या ट्रॅकमध्ये पूर्ण चढवा, खालची कड आत ओढा, निघतं. दोघांनी करा. काचेचं वजन फसवतं. खालच्या दोन्ही टोकांना असलेली बेअरिंग स्क्रू काढून बाहेर घ्या आणि दुकानात नमुना म्हणून तीच न्या, कारण पाऊण इंची सेक्शनचं (ॲल्युमिनियमच्या पट्टीचं) बेअरिंग डोमल नावाच्या जाड सेक्शनला बसत नाही. बसवल्यावर दोन्ही बाजू समान उंचीवर आणा, नाहीतर शटर तिरकं होऊन कुलूप लागत नाही. ट्रॅकची धार झिजून खाचा पडल्या असतील तर नवं बेअरिंगही खडखडणार. अशा वेळी धारेवर स्टीलची टोपीपट्टी बसवून मिळते. तेल मात्र घालू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो. सिलिकॉन स्प्रे पुरे.

डासांची जाळी फाटकी असेल तर चौकट न बदलता नुसती जाळी आणि तिचं रबर बदला. पांढरीपेक्षा काळी किंवा करडी घ्या. तिच्यातून बाहेरचं जास्त स्वच्छ दिसतं. काचेवरचे बोअरच्या पाण्याचे डाग पातळ व्हिनेगरने निघतात. संडासातलं ॲसिड अजिबात नको, ॲल्युमिनियम कायमचं काळवंडतं. जुनी तपकिरी फिल्म साबणाच्या पाण्याने भिजवून ब्लेडने उतरवा. खोली एका दुपारीत उजळते. बॉक्स ग्रिलमधल्या कुंड्या, सायकली, गुंडाळलेल्या चटया हलवायला तर पैसेही लागत नाहीत.

पडद्यांत लोक फसतात ते मापात. रॉड खिडकीच्या नेमक्या रुंदीचा घेतला की उघडलेला पडदा काचेवरच गोळा होतो आणि उजेड अडतो. रॉड दोन्ही बाजूंना ८ इंच जास्त हवा. ५ फुटी खिडकीला म्हणजे ७६ इंच. कापड त्याच्या दुप्पट, १५२ इंच. तयार पडदा साधारण ४ फूट रुंद येतो, तेव्हा ४ पडदे लागतात. दोनच लावले तर ते चादर वाळत घातल्यासारखे दिसतात. रॉड खिडकीच्या वर ५-६ इंचांवर बसवा. तिथे काँक्रीटचा लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) असतो, साध्या ड्रिलने तो दाद देत नाही, हॅमर ड्रिल मागवा. एवढ्या लांबीला मध्ये तिसरा ब्रॅकेटही हवा, नाहीतर रॉड झोळ खातो.

रंग फिकट, कापड साधं. मखमल, झालर, पेल्मेट (रॉड झाकणारी वरची पेटी) काढून टाका. पश्चिमेच्या खोलीत दुपारचं ऊन थेट येत असेल तर पडद्याला अस्तर लावा आणि शक्यतो घर सकाळी दाखवा. स्वयंपाकघरात झेब्रा ब्लाइंड (आडव्या पट्ट्यांचे गुंडाळते पडदे) नकोत, फोडणीची वाफ आणि धूळ मिळून पट्ट्या चिकट होतात. तिथे उघडी, स्वच्छ काचच बरी. हॉलमध्ये उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंड असले तर घराला कचेरीची कळा येते.

आणि रॉड, पडदे, ब्लाइंड घराबरोबर जाणार की तुम्ही नेणार, हे टोकन घेण्याआधीच सांगून यादीत लिहा. नेणार असाल तर भिंतीतली भोकं बुजवून, त्यावर रंगाचा हात मारून किल्ल्या द्या.