कोड नाहीत, एवढ्यावर गाडी घेऊ नका

मावसभावाने हडपसरच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून फोटो पाठवला. गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरचा पडदा, त्यावर हिरवी खूण, म्हणे गाडीत एकही दोष नाही. सोबत प्रश्न, ‘दादा, टोकन देऊन टाकू ना?’ मी थांब म्हणालो. फोन ठेवल्यावरही चिडचिड जाईना, कारण हाच प्रकार मी इथे डेट्रॉइटच्या उपनगरात नुकताच पाहिला होता.

इथली ती गाडी दिसायला झकास होती. चेक इंजिनचा दिवा बंद, कोडची यादी रिकामी. पण त्याच स्कॅनरमध्ये रेडिनेस मॉनिटर नावाचं आणखी एक पान असतं आणि ते विकणारा कधीच उघडून दाखवत नाही. गाडीचा संगणक चालता चालता स्वतःच्या चाचण्या घेत असतो: धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतोय का, ऑक्सिजन सेन्सर वेळेत प्रतिसाद देतोय का, टाकीतली पेट्रोलची वाफ कुठून निसटत नाही ना. कोड पुसले की या चाचण्यांचे निकालही पुसले जातात आणि गाडी वेगवेगळ्या वेगाने पुरेशी चालेपर्यंत ‘अपूर्ण’ असंच दिसत राहतं. त्या गाडीत जवळपास सगळंच अपूर्ण होतं. कोड पुसल्यापासून गाडी किती चालली याचीही नोंद असते. तिथे जेमतेम काही मैल. विचारलं तर उत्तर आलं, बॅटरी बदलली. बॅटरी काढल्यावर बऱ्याच गाड्यांत असं होतं, हे खरं. पण मग नव्या बॅटरीच्या टर्मिनलवर जुना पांढरा थर कसा?

मी चिडतो ते यासाठी की ही सोय मुळात आपल्यासारख्यांच्या हातात माहिती यावी म्हणून झाली आहे. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या मोटारीत स्टिअरिंगखाली तेच १६ पिनांचं सॉकेट आणि तीच कोडची भाषा सक्तीची झाली. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चॅसी, यू म्हणजे गाडीतल्या संगणकांचं आपसातलं बोलणं. दुसऱ्या जागी शून्य असेल तर कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांना समान, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. कंपनीच्या वर्कशॉपची मक्तेदारी मोडणारी ही व्यवस्था मला मनापासून आवडते. नियम करणाऱ्यांनी पुढचाही विचार केला: २०१० च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने इथल्या गाड्यांत ‘कायमस्वरूपी कोड’ आले. ते स्कॅनरने पुसता येत नाहीत, बॅटरी काढूनही जात नाहीत. दोष गेल्याची गाडीची स्वतःची खात्री पटली तरच जातात. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यासाठी याच्याइतका प्रामाणिक साक्षीदार नाही.

म्हणून अमेरिकेत सगळा कारभार चोख असतो असं समजू नका. मिशिगनमध्ये खासगी मोटारींना ठरावीक मुदतीची धुराची तपासणीच नाही. दिवा पेटलेली गाडी राजरोस विकली जाते, राजरोस फिरते. आपल्या पीयूसीला नावं ठेवणाऱ्या मित्रांना मी हे मुद्दाम सांगतो. आपलं पीयूसी पेट्रोल गाडीचा धूर उभ्या गाडीत मोजतं, एवढ्याने भागत नाही हे मान्य. पण निदान गाडी तिथवर न्यावी तरी लागते. आणि मेकॅनिकचं म्हणाल, तर बॉनेट न उघडता ‘तीन नंबरला मिसिंग मारतेय’ असं आवाजावरून सांगणारा माणूस मी नाना पेठेत पाहिलाय. इथे तेच ऐकायला स्कॅनरवर पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या मिसफायरचा कोड, यावा लागतो. १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहनांच्या चाचण्यांची संस्था वेताळ टेकडीवर उभी असलेल्या शहराला गाडीची तपासणी कुणी शिकवायची गरज नाही.

कोड वाचतानाही माणसं एक घोटाळा करतात. कोडमध्ये ज्या भागाचं नाव येतं तोच भाग गेला, असं धरून चालतात. पी०४२० घ्या. अर्थ एवढाच, की कन्व्हर्टरची कार्यक्षमता अपेक्षेपेक्षा कमी भासते. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. मागच्याचा आलेख पुढच्यासारखा नाचायला लागला की हा कोड येतो. कन्व्हर्टर संपलेला असू शकतो, मागचा सेन्सर बिघडलेला असू शकतो, सायलेन्सरच्या लाइनला गळती असू शकते. सोबत पी०३००, म्हणजे मिसफायरचा कोड, असेल तर आधी मिसफायर बघायचं, कारण न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्यालाच भाजून काढतं. नवा बसवला तरी तोही जाईल. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त: इनटेकचा फाटका पाइप असेल, मळलेला एअरफ्लो सेन्सर असेल, थकलेला पेट्रोल पंपही असेल. पाइप आणि पंप यांच्या खर्चात केवढा फरक आहे! घासाघीस करायची ती हे कळल्यावर.

मी शेवटी घेतली ती दिवा पेटलेली गाडी. घरी फोनवर आईपासून सगळ्यांनी विचारलं, एवढा अमेरिकेत राहतोस आणि जुनी, त्यातही दिवा लागलेली? हो. विकणारे निवृत्त गृहस्थ होते. मी स्कॅनर काढायच्या आत त्यांनी सांगितलं, कोड पी०४४२ आहे, टाकीच्या वाफेची बारीक गळती, मी काही पुसलेलं नाही. बाकीचे मॉनिटर पूर्ण होते, त्याखेरीज इंजिन-गिअरबॉक्सचा दुसरा एकही कोड नव्हता. टाकीच्या झाकणाची रबरी रिंग चिरली होती. आजही मी तीच निवड करीन, आणि नव्या गाडीच्या हप्त्यांतून वाचलेल्या पैशांत पुण्याच्या विमानाचं तिकीट निघतं, हेही घरच्यांनी लक्षात घ्यावं.

मावसभावाला जे सांगितलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल. भारतात ओबीडी-२, म्हणजे हीच सॉकेट आणि कोडची व्यवस्था, एप्रिल २०१३ पासून लागू आहे, त्यामुळे एमएच-१२ असो की एमएच-१४, त्यानंतरच्या गाडीला सॉकेट मिळेलच. ब्लूटूथचा साधा अडॅप्टरही चालेल, पण तो आपला असावा. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलाय का ते बघा. कोडसोबत रेडिनेसचं पान उघडा. एखादी वाफेची चाचणी अपूर्ण असेल तर घाबरू नका, टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी असली तरी ती होत नाही. सगळंच अपूर्ण असेल तर टोकन खिशातच ठेवा. डीलरला म्हणा, गाडी चार दिवस चालवा, मग येतो. पुन्हा जाल तेव्हा कात्रजचा घाट चढवून आणा आणि परत स्कॅनर लावून ‘पेंडिंग’ कोड बघा. बरेच दोष सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा लावत नाहीत. पहिल्या फेरीत ते फक्त तिथेच नोंदले जातात.