खुर्ची गेली

कोल्हापुरात खुर्ची गेली असं कुणी म्हटलं की लोक आधी विचारतात, कुठली? महापालिकेतली, दूध संघातली की कारखान्यातली? माझी गेली ती साधीच होती. काळी-लाल, खाली पाच चाकं, मानेला एक उशी, कमरेला एक उशी, आणि बाजूची दांडी ओढली की पाठ पार आडवी होणारी. गेल्या दिवाळीच्या बोनसातून घेतलेली. दिवसभर शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीमध्ये कास्टिंगांना गेज लावत उभं राहायचं आणि रात्री साडेनऊला, जेवण आटोपून, माडीवरच्या खोलीत त्या खुर्चीत अंग टाकून कॉम्प्युटर चालू करायचा. आई तिला ‘विमानातली खुर्ची’ म्हणते. आई अजून विमानात बसलेली नाही, पण शब्द बरोबर आहे. अण्णांचं मत वेगळं. ते शाहू स्टेडियमवर पेठेच्या फुटबॉल टीमची एकही मॅच न चुकवणारे. ‘ज्यात घाम येत नाही तो खेळ कसला?’ हा त्यांचा माझ्या गेमिंगवरचा कायमचा शेरा. मॅच बघताना ते स्वतः पायरीवर बसून शेंगा खात असतात, हे मी अजून त्यांना बोललेलो नाही.

एप्रिलात, हिला पाचवा महिना सरत आला तेव्हा, एका रात्री ही माडीवर आली. जिना चढल्यामुळं धापत होती. म्हणाली, “कंबर लई दुखालीया. मी जरा बसतो हितं.”

(बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्याकडच्या बायका ‘मी बसतो’, ‘मी आलो’ असंच बोलतात. ही तर गडहिंग्लजची. पुण्याच्या मावशीनं एकदा फोनवर हिचं बोलणं ऐकून ‘अगं, तो कोण होता?’ असं विचारलं होतं.)

मी उठलो. ही बसली. कमरेची उशी नेमकी जागेवर आली, मानेची उशी जागेवर आली, हिनं डोळे मिटले आणि ‘आई गं’ म्हणाली. दुखण्याचं नव्हे, सुखाचं. ना अविश्वास ठराव, ना सहलीवर गेलेले नगरसेवक. एका मिनिटात सत्तांतर झालं. ‘जरा’ या शब्दाला आमच्याकडं काही मोजमाप नाही, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

मी प्लास्टिकच्या स्टुलावर आलो. स्टूल बुटकं, टेबल उंच. कीबोर्ड छातीला लागायचा आणि स्क्रीनवरचा शत्रू मला वरून बघतोय असं वाटायचं. चार दिवसांनी आजीची लोखंडी ट्रंक ओढून घेतली, तिच्यावर घोंगडं घातलं. उंची जमली. पाठ टेकायला मात्र काही नाही. आता रोज रात्री मी ट्रंकेवर ताठ बसतो. अण्णा एकदा वर डोकावले आणि म्हणाले, “आता जरा खेळाडूसारखा दिसतोस.”

खेळाचंही हळूहळू बदललं. आम्ही चौघं मित्र रात्री ऑनलाइन जमायचो. सप्टेंबर 2020 मध्ये मोबाइलवरच्या पबजीवर बंदी आली तेव्हा घरात कुणी गेल्यासारखे तोंड पाडून बसलेले आम्हीच. मग 2021 मध्ये तो बीजीएमआय नावानं परत आला, 2022 मध्ये पुन्हा गायब, 2023 मध्ये पुन्हा हजर. आम्ही प्रत्येक वेळी हजर. हेडफोन लावले की आपण किती मोठ्यानं बोलतोय हे कळत नाही. “मागं हाय, मागं! मार त्याला!” असं मी रात्री अकराला ओरडलो तेव्हा शेजारच्या काकू खिडकीतून “कोण शिरलं रे?” म्हणून बॅटरी मारत उभ्या होत्या.

पण त्या खेळाची अडचण अशी, की तो थांबवता येत नाही. समोर नव्वद-शंभर माणसं खेळत असताना ‘थांबा, बायकोला गरम पाणी देऊन येतो’ असं सांगायची सोय नाही. गरम पाणी, पायाखाली उशी, सकाळची लोहाची गोळी, दुपारची कॅल्शियमची (दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत, कॅल्शियममुळं लोह अंगी लागत नाही), मग डाव्या कुशीवर झोपताना पाठीला लावायचा तक्क्या. महिनाभर मी अर्ध्यातून उठून जात राहिलो, आणि परत येईपर्यंत माझा माणूस कुठंतरी गवतात मरून पडलेला असायचा. शेवटी मित्रांनीच सांगितलं, “भावा, तू आता बापच हो.” माझ्या जागी एकाचा मेव्हणा आलाय. बरा खेळतो म्हणे.

कीबोर्डचीही गोष्ट सांगतो. माझा मेकॅनिकल आहे, निळ्या स्विचचा, म्हणजे दर बोटाला टक् असा खणखणीत आवाज. सव्वीसाव्या आठवड्याच्या आसपास ही म्हणाली, “तू टकटक कराय लागलास की आत लाथा चालू होत्यात.” त्या सुमाराला बाळ बाहेरच्या आवाजाला दाद द्यायला लागतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतंच. ती नाराजीची लाथ की आनंदाची, हे कळायला मार्ग नाही. मी धोका पत्करला नाही, लाल स्विच मागवले. ते मऊ, आवाज फारसा नाही. एका रविवारी बसून एकेक बटण चिमट्यानं उपसलं. तेव्हा आत काय काय सापडावं! ही खुर्चीत बसून रोज रात्री भडंग खाते. शेंगदाण्याची सालं, तळलेल्या लसणाची पाकळी, कढीपत्त्याचा कोपरा, आणि ‘डब्ल्यू’च्या खाली एक अख्खा शेंगदाणा, इतका नीट बसलेला की जणू कंपनीनंच बसवलाय. ‘डब्ल्यू’ म्हणजे पुढं जायचं बटण. पंधरा दिवस माझा माणूस पुढं जाताना का अडखळत होता ते त्या दिवशी उलगडलं. मी नव्या गेमच्या अपडेटला शिव्या देत होतो.

आता मुख्य गोष्ट. खुर्चीत बसणारा माणूस नुसता किती दिवस बसेल? समोर स्क्रीन आहे, हाताशी माउस आहे. हिनं एकदा विचारलं, “ह्यात मारामारी नसलेलं काय न्हाई का?” मी स्टारड्यू व्हॅली लावून दिला. 2016 चा खेळ, एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसानं चारेक वर्षं घरी बसून सगळा बनवलेला: चित्रं त्याची, संगीत त्याचं, सगळं त्याचं. आजोबांनी ठेवलेलं पडीक शेत नातवानं येऊन कसायचं, एवढीच गोष्ट. मला वाटलं होतं ही दहा मिनिटांत कंटाळेल.

ही ऊसवाल्या घरातली. पहिल्याच दिवशी हिनं खेळाची झडती घेतली.

“हे काय पेरलं?”

“पार्सनिप. पांढऱ्या गाजरासारखं कंद असतंय.”

“किती दिवसांत येणार?”

“चार.”

“चार दिसांत? आमचा आडसाली ऊस सोळा-अठरा महिनं रानात असतोय.” मग बराच वेळ गप्प राहून, “तोडणीचा मुकादम कुठाय? पाण्याची पाळी? विकास सोसायटी?” यातलं काहीच नाही म्हटल्यावर, “कसली शेती ही,” म्हणून माउस खाली ठेवला. दोन मिनिटांनी परत उचलला.

त्या खेळात रात्रीचे दोन वाजले की शेतकरी असेल तिथं भोवळ येऊन पडतो. ते बघून ही इतकी हसली की पोटाला हात लावून थांबावं लागलं. “आमचं आबा रात्री दोनला मोटार चालू कराय जात्यात, आणि ह्याला दोनला चक्कर!” शेतीपंपाला रात्रीची लाइट मिळते, हे त्या एरिकला कुणी सांगितलं नसणार.

पण ज्या गोष्टीनं ही खरी हलली ती वेगळीच. शेताच्या कडेला एक लाकडी पेटी असते. दिवसभरात काढलेला माल त्या पेटीत टाकायचा आणि झोपायचं. सकाळी उठलं की पैसे जमा. हिनं पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा स्क्रीनजवळ तोंड नेऊन आकडा दोनदा वाचला. ऊस कारखान्याला गेल्यावर 14 दिवसांत बिल द्यावं असं कायदा 1966 पासून सांगतो. ते बिल कधी आलं, किती तुकड्यांत आलं, कुठल्या आंदोलनानंतर आलं, यावर हिच्या घरातल्या दोन लग्नांच्या तारखा ठरलेल्या आहेत. त्यातलं एक आमचं. “दुसऱ्या दिवशी सकाळी,” ही हळूच म्हणाली. “काटासुद्धा मारला न्हाई.”

त्यानंतर खुर्ची माझी राहिली नाही, कॉम्प्युटरही नाही. मी ट्रंकेवर बसून सल्ले द्यायचो. ते कुणी मागितलेले नसायचे. त्या खेळाचा एक मोठेपणा मात्र मानला पाहिजे. मेनू उघडला की घड्याळ थांबतं. सातव्या महिन्यातल्या बाईला तासातून तीनदा जिना उतरावा लागतो. तेवढ्यात कोंबड्या उपाशी राहत नाहीत, पीक वाळत नाही. माझ्या बंदुकवाल्या खेळांनी इतकी माणुसकी कधी दाखवली नव्हती.

याच दिवसांत आईनं खोली आवरायला काढली. बाळंतपण माहेरी, पण नंतर दोघं येणार ती याच खोलीत. खालच्या मजल्यावर पावसाळ्यात ओल येते. माळ्यावरून ग्राफिक्स कार्डाचं, मॉनिटरचं, कशाकशाचं खोकं निघालं. “रिकामी खोकी कशाला जपलीस?” याला माझ्याकडं उत्तर होतं, वॉरंटी. वॉरंटी तीन वर्षांपूर्वी संपलेली निघाली. टेबल भिंतीला गेलं, लाल-निळ्या दिव्यांची पट्टी निघाली. मग आई वर बघत म्हणाली, “ते काय टांगलंयस?”

आमचं घर जुनं आहे. छताला सागवानी तुळई आहे आणि तुळईत दोन लोखंडी कड्या आहेत, एकमेकींपासून हातभर अंतरावर. पाच-सहा वर्षं मी एका कडीला हेडफोन अडकवतोय. उंची बरोबर, हात वर केला की सापडतात. कड्या तिथं का आहेत असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. जुन्या घरात असतं असं काहीबाही.

“पाळण्याची कडी हाय ती,” आई म्हणाली. “तू लोंबकळत हुतास हितं. तुझे अण्णासुद्धा.”

मी ट्रंकेवर चढलो. हेडफोन काढले. कडीच्या आतल्या बाजूला, खालून कधीच दिसली नसती अशी, दोरीनं घासून घासून पडलेली खाच आहे. गुळगुळीत. बोट बरोबर बसतं तिच्यात. दुसऱ्या कडीलाही तशीच. किती रात्री दोरी घासली की लोखंडाला एवढी खाच पडते, याचा मी फाउंड्रीतला माणूस असून मला हिशेब लागेना. अण्णांनी खालून विचारलं, “घट्ट हाय का बघ.” मी दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं. घट्ट आहे. तेलाचं बोट फिरवून खाली उतरलो. हेडफोन आता खिडकीच्या गजाला असतात.

डोहाळजेवण झालं. दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. हिनं कुठली उचलली ते सांगत नाही; आमच्या गल्लीत त्यावर आधीच दोन तट पडलेत. सोनोग्राफीच्या खोलीत भिंतीवर ‘येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही’ ही पाटी, आणि इथं सतरा बायका एका बर्फीवरून निदान करून मोकळ्या.

तारीख ऑगस्टातली आहे. ऑगस्ट म्हटल्यावर कोल्हापूरचा माणूस आधी पंचगंगा आठवतो. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ असतं. 2019 आणि 2021 मध्ये रस्ते कसे बंद पडले ते सगळ्यांनी बघितलंय. त्यामुळं आईनं निकाल दिला: जूनमध्येच, पाऊस धरायच्या आत, गडहिंग्लज. मीही मान हलवली. दवाखान्याची पिशवी मी भरली. ठोकळे फटीत बसवायचा टेट्रिस खेळण्यात घालवलेली शाळेची वर्षं कुठंतरी कामाला यायचीच होती. फायली, दुपटी, गाऊन, थर्मास, झबली असं सगळं एका पिशवीत चेन लागेल असं बसवलं. ही बघून म्हणाली, “सगळं झालं. खुर्ची?”

मला वाटलं चेष्टा करते.

“माहेरात सगळ्या लाकडी खुर्च्या हाईत. दोन महिनं मी कशी काढू?” आणि मग, खाली आई उभी आहे हे बघून आवाज बदलून, “अहो, लॅपटॉपबी घ्या की.”

तर जूनच्या तिसऱ्या रविवारी हिला मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, गाडीत बसवून दिलं, आणि तिच्या मागून एक छोटा हत्ती निघाला. त्यात मागं एक बाज, एक गव्हाचं पोतं आणि मधोमध, सुतळीनं चारी बाजूंनी बांधलेली, माझी काळी-लाल खुर्ची. पावसाचा नेम नाही म्हणून तिच्या डोक्यावर खताची रिकामी पिशवी चढवली होती. गल्लीतली पोरं मागं पळाली. शेजारच्या काकूंनी विचारलं, “विकली का रे?” अण्णा म्हणाले, “न्हाई. माहेरपणाला निघाल्या.”

काल रात्री साडेनऊला फोन केला. मी ट्रंकेवर, कॉम्प्युटर बंद. एकट्याला खेळावंसं वाटत नाही, हा शोध मला पस्तिशीला आल्यावर लागतोय. फोन हिनं न उचलता मामांनी उचलला.

“पाव्हणं, बरं झालं केलासा. ह्या खेळात पेटीत माल टाकला की दुसऱ्या दिवशी सकाळी पैसं येत्यात?”

“व्हय मामा.”

“पुरतं?”

“पुरतं.”

बराच वेळ काही आवाज नाही. मग खुर्चीची पाठ मागं गेल्याचा ओळखीचा कर्र आवाज आला.

“कुठला कारखाना म्हणायचा ह्यो?”

मी काही बोलायच्या आत मागून हिचा आवाज, “आबा, उठा की आता. मी बसतो.”