मेंदूतलं प्रथिन बनतं कुठे?

"शिकण्याशी संबंध असलेलं प्रथिन म्हणजे ते चेतापेशींतच बनत असणार ना?" गोल्डफिशच्या मेंदूतल्या इपेंडायमिन या प्रथिनाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: नाही. मेंदूला लपेटून बसलेल्या पातळ आवरणातल्या पेशी ते बनवतात आणि बाहेरच्या द्रवात सोडून देतात.

या प्रथिनाचा शोध लागला तो प्रयोग मोठा मजेशीर आहे. १९७०च्या दशकात व्हिक्टर शशुआ या संशोधकांनी गोल्डफिशच्या जबड्यामागे, पोटाच्या बाजूला फोमचा छोटा तुकडा टाका घालून बसवला. तोंडाकडची बाजू वर उचलली जाते, मासा आडवा राहीना! काही तास धडपडून तो पुन्हा नीट पोहायला शिकतो. अशा शिकलेल्या माशांच्या मेंदूत काही प्रथिनांची निर्मिती बदललेली दिसली, त्यांतलंच हे इपेंडायमिन. पुढे शिकवणीनंतर या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं (म्हणजे नेमकी त्यांनाच जाऊन चिकटणारी प्रथिनं) मेंदूच्या पोकळीत टोचली, तर मासे काही दिवसांत ते कसब विसरले.

मग बनतं कुठे? आधी संशय गेला मेंदूतल्या पोकळ्यांच्या अस्तरावर, म्हणजे इपेंडायमावर. नावही तिथूनच आलं. पण प्रतिपिंडांनी रंगवून प्रथिन आत्ता कुठे आहे तेवढंच कळतं, आणि हे तर द्रवातून मेंदूभर फिरणारं प्रथिन. पाणी घरभर सांडलेलं दिसलं म्हणून नळ कुठे आहे ते कळत नाही. त्यासाठी एम-आरएनए, म्हणजे प्रथिन बनवायची जनुकाकडून आलेली सूचना, शोधावा लागतो, कारण तो प्रथिन बनवणाऱ्या पेशीतच राहतो. १९९०च्या सुमारास तसं करून पाहिलं, तेव्हा खूण उमटली ती मेंदूच्या आवरणातल्या फायब्रोब्लास्टसारख्या (म्हणजे जोडऊती बनवणाऱ्या पेशींसारख्या) पेशींत. चेतापेशी कोऱ्या, त्यांना आधार देणाऱ्या ग्लिया पेशीही कोऱ्या.

मला यातली खरी गंमत इथे वाटते. ज्याला आपण नुसतं वेष्टन समजतो, ते आवरण आतल्या कामात भाग घेतं. इपेंडायमिन कॅल्शियमला धरून ठेवतं, आणि चेतापेशींमधल्या फटींतल्या द्रवात कॅल्शियमचं प्रमाण फार महत्त्वाचं असतं.

पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: माणसात काय? त्याच्याशी नातं सांगणारं प्रथिन आपल्यातही आहे, पण ते मेंदूपुरतं नाही, कितीतरी ऊतींत सापडतं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही ते वाढलेलं आढळलंय. तेव्हा स्मरणशक्तीच्या गोळीचं नाव इतक्यात काढू नका.