एक मीटरची काठी आणि पोलंडमधली शाळा

परदेशातल्या शाळेशी व्हिडिओ कॉल लावला की झालं, असं आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, बऱ्याच शिक्षकांना वाटतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हापासून तर शिक्षण परिषदेत "तुमच्या शाळेचं काय?" हा प्रश्न हमखास येतो. मग कुणीतरी ओळखीपाळखीतून कॉल लावतं, मुलं हात हलवून "हॅलो, हाऊ आर यू" म्हणतात, फोटो ग्रुपवर पडतो आणि विषय संपतो. मी सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या एका दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्या चौथी-पाचवीच्या मुलांनी पोलंडमधल्या एका वर्गाबरोबर काम केलं, त्यात कॉलचा वाटा सगळ्यात कमी होता. बाकीचं कसं जमलं आणि कुठं अडलं ते लिहिते. कुणाला करून बघायचं असेल तर उपयोगी पडेल.

आधी जोडीदार शाळा शोधायची. पूर्वी 'मिस्ट्री स्काईप' नावाचा खेळ चालायचा. दोन वर्ग एकमेकांना फक्त हो किंवा नाही एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे आणि समोरची शाळा कुठली ते ओळखायचे. खेळ झकास होता, पण मे २०२५ मध्ये स्काईपच बंद पडलं. मुलांचे छोटे व्हिडिओ ठेवायचं फ्लिप हे ॲप त्याच्या आदल्या वर्षी गेलं. फुकट मिळणाऱ्या साधनांचं हे असंच असतं. म्हणून मुलांचं सगळं काम मी शाळेच्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतेच, ॲप कुठलंही असो. ई-ट्विनिंग हे शाळांना एकमेकींशी जोडणारं २००५ पासूनचं मोठं व्यासपीठ आहे, पण ते युरोप आणि आसपासच्या देशांतल्या शाळांचं. १९८८ मध्ये सुरू झालेल्या आय-अर्न या शाळांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यात भारतातल्या शाळाही आहेत. मी मात्र शिक्षकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटात आमच्या शाळेची माहिती टाकली आणि एकेकाला निरोप धाडत राहिले. बहुतेकांचं उत्तरच आलं नाही. ज्यांचं आलं त्यातल्या काहींना आमच्या मुलांना 'मदत' करायची होती. ते मी नम्रपणे टाळलं. मुलांना वह्या-पेन्सिली गावातूनही मिळतात.

क्राकोजवळच्या एका शाळेतल्या बाईंनी उत्तर दिलं ते वेगळ्याच कारणानं. त्यांना वळिवडे माहीत होतं! दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या पोलिश लोकांची छावणी १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला होती. सुमारे ५,००० माणसं तिथं राहिली, त्यांची मुलं तिथंच शिकली. आमच्या पाचवीतल्या निम्म्या मुलांचे पाहुणे कोल्हापूरकडे असतील, पण वळिवडं कुणालाच ठाऊक नव्हतं. नकाशावर ते दाखवलं आणि मग पोलंड दाखवला, तेव्हा वर्ग जरा सरसावून बसला.

पोलंडचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. त्यांचीही मुलं इंग्रजी शिकणारीच. इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळेसमोर आमची पोरं तोंडच उघडत नाहीत, चुकेल म्हणून. इथं दोन्ही बाजू तोडकंमोडकंच बोलणार हे ठरलेलं होतं. आमच्यातली बरीच मुलं घरी कानडी बोलतात, शाळेत मराठी शिकतात. तिसऱ्या भाषेशी झटापट करणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

परवानगीचं प्रकरण लांबलं. तालुक्याच्या कार्यालयात "परदेश म्हणजे वरून विचारावं लागेल" हे ऐकून घेतलं. वर कुणाला, ते कुणालाच नक्की सांगता येईना. शेवटी केंद्रप्रमुखांनी तोडगा काढला. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, उपक्रमाचा एक पानी आराखडा आणि मुलांची नावं-चेहरे बाहेर जाणार नाहीत अशी हमी, एवढं जोडून अर्ज नव्यानं दिला. तो पुढे सरकला.

चेहऱ्यांचा मुद्दा हलका नाही. युरोपात २०१८ पासून माहिती संरक्षणाचा कडक कायदा आहे. आपल्याकडच्या २०२३ च्या कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. पोलंडच्या बाईंनी पहिल्याच पत्रात विचारलं, तुमच्या पालकांनी लेखी संमती दिली आहे का? मी मराठीत साधं पत्रक केलं आणि पालकसभेत वाचून दाखवलं. एक आजोबा उठून म्हणाले, "बाई, तिकडं मोहित्यांच्या वडगावात रोज सातला भोंगा वाजवून मोबाईल बंद करत्यात, आन् तुमी पोरांच्या हातात द्या म्हनताय?" प्रश्न रास्त होता. कडेगाव तालुक्यातलं ते गाव २०२२ पासून रोज संध्याकाळी दीड तास मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवतं, आमच्या जिल्ह्यात हे सगळ्यांना माहीत आहे. मी सांगितलं, मोबाईल एकच, तो माझा, तो शाळेतच राहणार आणि फोटो निघाला तर हातांचा आणि कामाचा. आजोबांनी "मग हरकत न्हाई" म्हणून सगळ्यांत आधी अंगठा उठवला.

काम काय करायचं यावर मात्र आमचं दोघींचं लगेच जुळलं. सण, पदार्थ, पोशाख हे सगळे करतात, आम्हीही थोडं केलं. पण मला असं काहीतरी हवं होतं की ते समोरच्या शाळेशिवाय पुरंच होणार नाही. त्यातून सावली सुचली. २० मार्चच्या आसपास सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी भर माध्यान्ही, म्हणजे सूर्य सगळ्यात उंच असताना, एक मीटरची काठी उभी धरली की सावलीची लांबी थेट त्या गावाच्या अक्षांशावर ठरते. जत सुमारे १७ अंशांवर, क्राको ५० अंशांवर. गणितानं आमची सावली ३१ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी आणि त्यांची ११९ च्या आसपास. हे आकडे मुलांना आधी सांगायचे नाहीत, असं आम्ही ठरवलं.

साधनं अगदी साधी. शाळेची मीटरपट्टी, मोजायला टेप आणि आकडे भरायला दोघांना दिसेल अशी एक गुगल शीट. पट्टी सरळ उभी कशी राहणार? पाचवीतल्या एका मुलाचे वडील गवंडी. ते ओळंबा घेऊन आले. शाळेच्या ओट्यावर लेव्हल लावून त्यांनी सपाट जागा शोधून दिली आणि पट्टीला ओळंबा कसा लावायचा ते मुलांना दाखवलं. दोरा पट्टीला चिकटूनही नको, लांबही नको, वरून खालपर्यंत अंतर सारखं पाहिजे. भूमितीचा असा तास मला घेता आला नसता.

माध्यान्ह म्हणजे बाराच, हा समज त्या दिवशी मोडला. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेली, म्हणजे पार उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळच्या वेळेवर. जत त्याच्या पश्चिमेला सव्वासात अंश. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपल्याकडे सूर्य जवळजवळ अर्धा तास उशिरा माथ्यावर येतो. मार्चमध्ये सूर्य घड्याळाच्या जरा मागेच असतो, त्याची आणखी सात मिनिटांची भर पडते, म्हणून आमची माध्यान्ह १२:३७ च्या सुमाराला. पण मुलांना आकडेमोडीपेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं जास्त पटतं. बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करायला सांगितली. खुणा आखडत गेल्या, मग एका जागी रेंगाळल्या, मग पुन्हा लांबायला लागल्या. सगळ्यात आखूड सावली ती माध्यान्ह.

गंमत अशी की मार्चच्या मध्यापासून उन्हामुळे आमच्याकडे सकाळची शाळा लागायची वेळ येते आणि माध्यान्हीला पोरं घरी. नेमकी तीच अडचण आली. त्या दिवसांपुरती ही दोन वर्गांची मुलं थांबवून घेतली. पोषण आहाराच्या ताईंनी खिचडी राखून ठेवली.

गटागटानं मोजलं तर कुणाची २९, कुणाची ३३, कुणाची ३१. भांडणं सुरू झाली. मग सावलीचं टोक जवळून बघायला लावलं. ते रेघेसारखं स्पष्ट नसतंच. सूर्य ठिपका नाही, तबकडी आहे, त्यामुळे टोकाला सेंटिमीटरभर रुंदीचा फिकट पट्टा पडतो. कुणी गडद भागापर्यंत मोजलं होतं, कुणी फिक्याच्या शेवटापर्यंत, आणि एका गटाची पट्टी चक्क कलली होती. कुठून कुठपर्यंत मोजायचं हे पोलंडशी ठरवून घ्यायला हवं, हे मुलांनीच काढलं आणि तसा आवाजी निरोप पाठवला.

तिकडे त्या दिवशी ढग. दुसऱ्या दिवशीही ढग. आमची मुलं शीटमधला रिकामा रकाना बघून हिरमुसली, पण रोज मोजत राहिली. त्यातून कळलं की आमची सावली दिवसाला जेमतेम सेंटिमीटरभरानं आखूड होत चालली आहे. नंतर एकदा तिकडे ऊन पडलं आणि रकान्यात ११४ आला. वर्गात एकदम शांतता. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आपली एवढुशी अन् ह्यांची माणसाएवढी? म्हंजी तितं दुपारीच संध्याकाळ हुती व्हय?" त्यानंतरचा पाऊण तास मी फार काही बोलले नाही. पृथ्वीगोल, टॉर्च आणि पिठाच्या गोळ्यानं चिकटवलेल्या दोन काड्या घेऊन मुलांनीच ते सोडवलं.

कॉल झाला तोही सांगते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. आमचे साडेबारा म्हणजे त्यांचे सकाळचे आठ. पण मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात, मग साडेबाराला त्यांचे नऊ होतात. ही तारीख वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. रेंज फक्त व्हरांड्याच्या कोपऱ्यात, म्हणून टीव्ही तिथं ओढला. आवाज तुटत होता. तरी एक छान झालं. आमच्या दारातल्या चपलांची ओळ दिसली तशी तिकडच्या मुलांनी आपापले पाय वर करून दाखवले. तेही शाळेत आल्यावर बाहेरचे बूट काढतात, आतले वेगळे घालतात. बाकी अर्धा वेळ "ऐकू येतंय का?" यातच गेला.

म्हणून माझं मत असं की रेकॉर्ड करून पाठवणंच बरं. मुलं चार वेळा म्हणून बघतात, पाचव्यांदा नीट म्हणतात. रेंज नसली तरी संध्याकाळी तालुक्याच्या गावी आल्यावर अपलोड होतं. उत्तराची वाट बघण्यातही मजा असते. आणि रोजच्या "आजच्या आज लिंक भरा" या धबडग्यात शिक्षकालाही हेच झेपतं. वेळेला बांधलेला कॉल वर्षातून एक-दोनदा पुरे.

आमच्याकडे मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर आणि उभ्या वस्तूची सावलीच नाही, जतला साधारण ८ तारखेच्या आसपास. शाळेला सुट्टी, त्यामुळे मुलांनी आपापल्या अंगणात तांब्या ठेवून पाहिला. पोलंडच्या मुलांना हे खरंच वाटेना. त्यांच्याकडे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. मग आम्ही आणखी एक सांगितलं. २१ जूनला आमची माध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेला पडते, कारण सूर्य आमच्या उत्तरेला गेलेला असतो. जूनमध्ये शाळा नुकती उघडलेली, वर ढग. तरी थोडी उघडीप मिळाली. काठीच्या दक्षिणेला ११ सेंटिमीटरची बुटकी सावली आणि शेजारी होकायंत्र, असा छोटा व्हिडिओ मुलांनी काढला. त्यात होकायंत्र दोनदा हलवून दाखवलंय, ते बिघडलेलं नाही हे पटावं म्हणून.

आता डिसेंबरचं ठरतंय. २२ तारखेला आमची सावली ८५ सेंटिमीटरच्या आसपास येईल. त्यांची सव्वातीन मीटरच्या वर जाईल, तीही बर्फ नसेल तर. बाईंनी कळवलंय की नाताळची सुट्टी लागायच्या आत मोजू आणि शाळेमागच्या मैदानावर लांब टेप लावू. आमच्या गवंडी पालकांनी त्यांच्यासाठी ओळंब्याचा व्हिडिओ आधीच करून दिला आहे.