पाचातला एक

बारा वर्षं मी अंधेरीतल्या स्टुडिओत भांडी शूट केली. दागिने, साबण, फरसाण पण केलं, पण घर चाललं ते स्टीलच्या डब्यांवर. डब्याभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू करायचा, बाहेरून लाईट मारायचे, तरी डब्यात आपलं तोंड दिसतंच, मग फोटोशॉपमध्ये बसून तोंड पुसा, ओरखडे पुसा, बोटांचे ठसे पुसा. आणि पेमेंट नव्वद दिवसांनी, तेही चार फोन केल्यावर.

मग गिरगावातली आमची चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार हे नक्की झालं. जिन्याचा कठडा सागवानी, वळणावर जिथे सगळे हात टेकवतात तिथे इतका गुळगुळीत की पॉलिशवाल्याने मान खाली घालावी, आणि शेजारीच ओरखडे, खिळे, उदबत्तीचे डाग. म्हटलं याचे फोटो काढायचे, कुणासाठी नाही, असंच.

पहिल्या रविवारी धंद्याच्या सवयीने दोन लाईट, सॉफ्टबॉक्स, रिफ्लेक्टर सगळं तिसऱ्या मजल्यावर चढवलं. फोटो एकदम चकाचक, जीव कशातच नाही. शेजारच्या आजी लॅपटॉपमध्ये डोकावून म्हणाल्या, "अगं, कठडा विकायला काढलायस का?" लागलं, पण बरोबर होतं.

दुसऱ्या वेळेला फक्त कॅमेरा न् ट्रायपॉड. जिन्यात उजेड म्हणजे एक खिडकी, तीही अर्धी पत्र्याने बंद, त्यामुळे आयएसओ १००, एफ ११, म्हणजे एका फोटोला शटर ८ सेकंद उघडं. आता गंमत अशी की जिना लाकडी, वरून कुणी उतरलं की ट्रायपॉडसकट सगळं हलतं, फोटो गेला. सकाळी पाण्याच्या बादल्या, मग शाळेची पोरं, मग भाजीवाला... दुपारी दोन ते चार तेवढी चाळ झोपते. त्या दोन तासांसाठी मी चांगली पैशांची कामं सोडली, सासूबाईंना सांगायचे शूट कॅन्सल झालं.

आठ महिन्यांत सहाशेच्या वर फ्रेम झाल्या आणि क्लायंटच नाही तर निवडायचं कसं तेच कळेना! ४ बाय ६ चे स्वस्तातले प्रिंट काढून भिंतीवर चिकटवले, जाता-येता जो खोटा वाटेल तो काढायचा. १४ उरले. एकात खालचे काका चढून गेलेत, त्यांचा नुसता धूर झालाय आणि कठडा मात्र शार्प (त्या दिवशी जिना कसा काय हलला नाही देव जाणे). हा मी आधी डिलीट करणार होते.

प्रिंट पहिल्यांदा ग्लॉसीवर काढला, परत तेच डबे. मग कॉटन रॅग, म्हणजे जाड सुती कागद, मॅट, ३०८ जीएसएम, तर जिन्यातल्या काळोखाचा सगळा काळा गोळा. मॅटवर काळा ग्लॉसीइतका खोल जात नाही, फोटोतल्या सावल्या आधीच उजळाव्या लागतात, हे चार टेस्ट स्ट्रिप वाया गेल्यावर डोक्यात शिरलं. एडिशन पाचची ठरवली, म्हणजे एका फोटोचे पाचच प्रिंट, खाली पेन्सिलने १/५ आणि सही.

जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळेपर्यंत चाळच उरली नसती, म्हणून चाळीच्याच गॅलरीत टांगले, कपड्यांच्या दोरीवर, चिमटे लावून. टेस्ट प्रिंट हं, खरे नाहीत. आजींनी एका खिळ्यावर बोट ठेवलं, "हा आमच्या ह्यांनी ठोकलेला, गणपतीच्या तोरणासाठी." मग त्या फोटोचा खरा प्रिंट त्यांनाच दिला. खालचं वाचून म्हणाल्या, "पाचातला एक? मग बाकीचे चार कुणाकडे गं?"

"माझ्याकडेच आहेत, आजी. अजून कुणी मागितले नाहीत."