पोलार्ड ‘खरा’ कोच होता का?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि दर सीझनला ओहायोतल्या आमच्या मराठी मंडळींत कोणीतरी विचारतंच म्हणून, एकदा लिहूनच टाकतो. प्रश्न असा: १९२१ साली अ‍ॅक्रन प्रोज या ओहायोतल्या अमेरिकन फुटबॉल संघात फ्रिट्झ पोलार्ड आणि एल्गी टोबिन दोघेही कोच होते, मग एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगचा पहिला कृष्णवर्णीय हेड कोच पोलार्डला का म्हणायचं?

कागदच बघायचे तर त्या वर्षी लीगचं नावही एनएफएल नव्हतं. कोच म्हणजे हेडफोन लावून रेषेबाहेर उभा राहणारा माणूसही नव्हे. पोलार्ड स्वतः बॉल घेऊन धावायचा. आदल्या वर्षी त्याच्या संघाने ८ सामने जिंकले, ३ बरोबरीत सोडवले, हरला एकही नाही, आणि लीगचं पहिलंच विजेतेपद घेतलं.

पण माझा जीव अडकतो तो वेगळ्याच ठिकाणी. उतारवयात पोलार्डने सांगून ठेवलंय की अ‍ॅक्रनमध्ये तो खेळाचे कपडे घालायचा संघमालक फ्रँक नीड यांच्या सिगार कारखान्यात. सामन्याआधी तिथे गाडी यायची आणि त्याला मैदानावर न्यायची. मैदानात शिव्या मिळायच्या, त्याही घरच्या प्रेक्षकांकडून. ५ फूट ९ इंच उंची, १६५ पौंड वजन. खाली पडला की प्रतिस्पर्धी मुद्दाम अंगावर कोसळायचे. म्हणून हा पडल्या पडल्या उताणा व्हायचा आणि सायकल मारावी तसे पाय हवेत चालवायचा. बुटांचे खिळे दिसले की पुढचा थबकायचा. असा माणूस त्याच संघाला खेळ शिकवत होता, आणि आपण इथे बसून म्हणतो, छे, तो अर्धाच कोच!

टोबिनचं नाव खोडायचा मला हक्क नाही, हे मान्य. पूर्वी ‘पहिला तो पहिला’ म्हणून मी वाद मिटवायचो. हल्ली तेवढ्याने माझंच समाधान होत नाही. कारण १९२६ नंतर पोलार्ड लीगबाहेर गेला. पुढे हार्लेममध्ये ब्राउन बॉम्बर्स हा कृष्णवर्णीयांचा संघ त्याने घडवला, आणि लीगमध्ये १९३४ ते १९४५ एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तो वारला १९८६ मध्ये, हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, आला २००५ मध्ये.

टोबिनच्या नावावरून पोलार्डला वगळायचं तर खुशाल वगळा. मग पहिला कृष्णवर्णीय हेड कोच ठरतो रेडर्स संघाचा आर्ट शेल, साल १९८९. ते उत्तर तुम्हाला जास्त पटतं का?